थिएटर वाचवताय ना, मग पडदा पण वाचवा! वारसा समितीला खुलं पत्र

प्रति,
मुंबई हेरिटेज कॉन्झर्वेशन कमिटी, म्हणजे आपली वारसा जतन समिती,
बृहन्मुंबई महानगरपालिका

(एक कॉपी राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला पण पाठवतोय, वाचली तर बरं.)

मंडळी, नमस्कार.

तुमच्याकडे एखाद्या जुन्या थिएटरची फाईल येते तेव्हा त्यात बाहेरचे फोटो भरपूर असणार. दर्शनी भाग, वरचा मनोरा, खिडक्यांच्या चौकटी, रंगाचं सॅम्पल, बोर्डावरची अक्षरं केवढी वगैरे. आतल्या हॉलचं पुढे काय होणार, पडदा राहणार का, राहिला तर केवढा, त्याच्यासमोर किती माणसं बसणार आणि त्यातल्या सगळ्यात स्वस्त खुर्चीचं तिकीट साधारण केवढ्याला पडणार, हे त्या फाईलमध्ये कुठे विचारलेलं असतं का हो? माझी शंका अशी आहे की नसतं. आणि माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे, बाकीचं पत्र हे का म्हणतोय ते सांगण्यासाठी.

१९९५ ला मुंबईने हेरिटेजचे नियम केले, असे नियम करणारं देशातलं पहिलं शहर आपलं, त्याचं कौतुक आहेच. त्या नियमांत ग्रेड एकच्या इमारतीला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, अगदीच डागडुजी लागली तर ठीक. ग्रेड दोनला मात्र आतले बदल आणि वापर बदलणं साधारणपणे चालतं, फक्त छाननी कडक हवी. आता ऑफिसची बिल्डिंग असेल, बँक असेल, गोदाम असेल तर हा नियम एकदम शहाणपणाचा आहे, कारण आत टाइपरायटर होते तिथे कॉम्प्युटर आले म्हणून इमारतीचं काही बिघडत नाही. पण इरॉस, कॅपिटॉल ही आपली थिएटरं याच ग्रेड दोनमध्ये येतात आणि इथे गाडी घसरते. थिएटरचा बाहेरचा भाग ही मुळात जाहिरात असते, लोकांनी बघून आत यावं म्हणून केलेली. खरी वस्तू आत असते, उतरत जाणारी जमीन, वर बाल्कनी, समोर पडदा, आणि हजारभर माणसं एकाच अंधारात. ती वस्तू नियमात 'आतले बदल' या खात्यात जाऊन पडलीये, झालं, संपला विषय.

थोडा इतिहास सांगू का, तुम्हाला माहितीये हे मला माहितीये, पण हे पत्र तुमच्याशिवाय इतर लोकही वाचतील.

७ जुलै १८९६. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने सिनेमा दाखवला, तिकीट एक रुपया. त्या काळी एक रुपया म्हणजे साहेबलोकांचंच काम. पण आठवडाभरात ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरला हलले, जिथे नंतर एक्सेलसियर आलं, आणि तिथे थोड्याच दिवसांत तिकिटाचे दर लागले चार आण्यापासून दोन रुपयांपर्यंत, वर पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. म्हणजे बघा, सिनेमा या शहरात आला आणि लगेच त्याने एकाच छताखाली चार आणेवाला आणि दोन रुपयेवाला बसवला. मुंबईने सिनेमाला दिलेलं हे पहिलं काहीतरी आहे असं मला कायम वाटत आलंय. आणि त्या वॉटसनची आजची अवस्था, आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात त्याला, २०१९ ला ती रिकामी करावी लागली कारण कधी पडेल सांगता येत नव्हतं. भारतात जिथे पहिला सिनेमा दिसला ती बिल्डिंग!! असो, तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर लिहायला बसलो तर हे पत्र राहून जाईल.

पुढे सगळा खेळ गिरगाव आणि ग्रँट रोडकडे सरकला. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सगळ्यांसाठी लागला. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकला आलम आरा, भारतातला पहिला बोलपट, तोही गिरगावातच. यातलं आज काय उरलंय? ऑलिंपिया नाही, कॉरोनेशन नाही, मॅजेस्टिक सत्तरच्या दशकात पाडलं आणि तिथे शॉपिंग सेंटर झालं. मॅजेस्टिक बुक स्टॉलचं नाव त्या थिएटरच्या शेजारावरून पडलं, म्हणजे दुकानाने नाव जपलं आणि थिएटर गेलं. फाळके पुरस्कार आपण दरवर्षी देतो, फोटो छापून येतात, पण फाळक्यांचा सिनेमा ज्या भिंतीवर दिसला ती भिंत दाखवा म्हटलं तर दाखवायला काही नाही.

त्यामुळे जे उभं आहे त्याबद्दल जरा घाई करा असं म्हणतोय.

आता ऑपेरा हाऊस. हे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतो कारण लोक म्हणतात की जुनी थिएटरं परत उभी करणं शक्यच नाही, परवडतच नाही, आणि ऑपेरा हाऊस चर्नी रोडला उभं राहून सांगतंय की शक्य आहे. गिरगावकरांसाठी ऑपेरा हाऊस हा बसचा स्टॉप आहे, एरियाचं नाव आहे, हिऱ्यांचा बाजार आहे, खुद्द त्या इमारतीत काय होतं हे आमच्या पिढीतल्या अर्ध्या लोकांना धड माहीत नव्हतं कारण आम्ही मोठे झालो तेव्हा तिला कुलूप होतं.

कलकत्त्याचा नाटक कंपनीवाला मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले जहांगीर फ्रामजी काराका यांनी १९०८ च्या आसपास हे डोक्यात घेतलं, १९११ ला पंचम जॉर्ज भारतात आले तेव्हा काम अर्धवट असतानाच त्यांच्या हातून उद्घाटन उरकून घेतलं (आपल्याकडे अर्धवट पुलाची फीत कापायची परंपरा किती जुनी आहे बघा) आणि पुढच्या वर्षी बांधकाम उरकलं. बरोक शैली, वर घुमट, बाजूला बॉक्स, भायखळ्याच्या ससून कुटुंबाने दिलेली मोठाली झुंबरं. तिथे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले, नंतर पृथ्वीराज कपूर त्यांची नाटकं तिथे करायचे आणि प्रयोग संपला की दारात झोळी पसरून उभे राहायचे. सिनेमा तिथे विसाच्या दशकाच्या आधीपासूनच अधूनमधून सुरू होता, मग हळूहळू ते पूर्ण थिएटरच झालं, १९५२ ला गुजरातमधल्या गोंडल संस्थानाच्या महाराजांनी ते घेतलं. पुढे व्हिडिओ आला, केबल आली, आणि १९९३ ला पडदा पडला.

मग तेवीस वर्षं. छतातून पाणी, ओल, लाकूड कुजतंय. २०१२ ला जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंची जी यादी निघते, वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच, त्यात नाव आलं. गोंडलच्या घराण्याने विकून टाकायच्या ऐवजी दुरुस्तीचं काम आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांच्याकडे दिलं, आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मामी या मुंबईच्या फिल्म फेस्टिव्हलच्या वेळी दारं उघडली. पुढच्या वर्षी युनेस्कोचं आशिया-पॅसिफिकचं अवॉर्ड ऑफ मेरिट मिळालं.

यात मला भावलं ते असं की त्यांनी हॉल हॉलच ठेवला. घुमट, बॉक्स, बाल्कनी, रंगीत काचा, सगळं जुने फोटो शोधून, वरवर चढवलेले रंगाचे आणि प्लास्टरचे थर काढून परत उभं केलं. आत जाऊन वर बघितलं तर मान दुखेपर्यंत बघत राहावंसं वाटतं. आणि जागा साधारण पावणेसहाशे, म्हणजे मधे दोन मजले टाकून वर जिम आणि खाली कपड्यांचं दुकान काढणं काही कठीण नव्हतं, कागदावर ते जास्त फायद्याचंही दिसलं असतं.

पण हेही सांगितलं पाहिजे की आता तिथे मैफिली होतात, नाटकं होतात, कार्यक्रम होतात, रोजचा सिनेमा नाही. तिकिटं बघितली तर आमच्या लालबागच्या मावशीला 'चल ऑपेरा हाऊसला' असं सहज म्हणता येत नाही. मालकाला दोष देत नाही, खाजगी पैशातून एवढं केलं, वर आम्ही काय बोलणार. मुद्दा एवढाच की इमारत वाचली, हॉल वाचला, रोजचा पडदा आणि रोजचा प्रेक्षक मात्र परत आला नाही.

आता इरॉस. चर्चगेटला उतरलं की समोर. १९३८ च्या फेब्रुवारीत उघडलं, शोराबजी भेडवारांचं डिझाइन, लाल आग्रा दगड आणि क्रीम रंग, भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर नव्या शहराची एकदम पहिली खूण म्हणा ना. बाराशेच्या वर खुर्च्या होत्या. काही वर्षांपूर्वी बंद पडलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२३ ला बाहेरून परांची आणि आत तोडफोड दिसली तेव्हा सोशल मीडियावर कसला गोंधळ उडाला होता आठवतंय ना, लोकांना वाटलं पाडतायत. पाडलं नाही. बाहेरचं काम खरंच छान केलंय, फॉयर, म्हणजे आत शिरल्यावरचा मोठा दिवाणखाना, बघण्यासारखं झालंय, मी स्वतः जाऊन बघून आलोय आणि मनापासून सांगतो, त्या दगडाचा रंग मी आधी असा कधी बघितला नव्हता. २०२४ ला आत आयमॅक्स सुरू झालं, खुर्च्या तीनशेच्या आसपास, बाकीच्या जागेत दुकानं.

तर बाराशेचे तीनशे. आणि हे आपण वाचवलं या रकान्यात लिहितो. मी असं म्हणत नाही की आयमॅक्स नको होतं, उलट सिनेमा निदान परत लागला याचा आनंद आहे, नुसती दुकानंच आली असती तर काय केलं असतं? पण मेट्रोचं बघा, ते पण १९३८ चंच, एमजीएमने स्वतः बांधलेलं, न्यूयॉर्कच्या थॉमस लॅमचं डिझाइन, १९५४ ला पहिले फिल्मफेअर अवॉर्ड तिथे झाले, ते २००६ च्या सुमारास मल्टिप्लेक्स झालं, एका हॉलचे सहा स्क्रीन. बाहेरून मेट्रो मेट्रोच आहे. धोबी तलावच्या सिग्नलला उभं राहून बघितलं तर काही बदललंय असं वाटणार नाही. आत गेलं की तोच कॉरिडॉर, तेच पॉपकॉर्न, घाटकोपरला आहे तेच. दोन्ही ठिकाणी नियम मोडला असं मी म्हणत नाहीये, उलट नियम पाळूनच हे होतं, हाच तर प्रॉब्लेम आहे.

माझे वडील फोर्टात एका कंपनीत शिपाई होते. शनिवारी हाफ डे, मग रीगल नाहीतर न्यू एम्पायर नाहीतर इरॉसला स्टॉलचं, म्हणजे खालच्या स्वस्त खुर्च्यांचं तिकीट. त्यांनी मला एकदा दाखवलेलं ते अजून डोक्यात आहे, बुकिंगच्या खिडकीत आतला माणूस छापील प्लानवर लाल-निळ्या पेन्सिलीने फुली मारायचा, तिकिटावर पेनाने सीट नंबर खरडायचा आणि स्टीलच्या पट्टीवर ते टर्रकन फाडून द्यायचा, एक शब्द न बोलता. वरच्या बाल्कनीत कधीकधी त्यांच्याच ऑफिसचे साहेब फॅमिलीसकट असायचे. इंटरव्हलला दोघं एकमेकांकडे बघितलं न बघितल्यासारखं करायचे. पण जोक झाला की वरचा आणि खालचा एकाच वेळी हसायचा, आणि सोमवारी ऑफिसात साहेब विचारायचे, काय रे, कसा वाटला पिक्चर? तीनशे खुर्च्यांच्या आणि चारशे रुपयांच्या हॉलमध्ये शिपाई आणि साहेब एकत्र बसत नाहीत, शिपाई तिथे येतच नाही, तो मोबाइलवर बघतो. ही माझी रड नाहीये, सरळ हिशोब आहे.

मग उरलं काय? रीगल आहे, १९३३ चं, कुलाब्याच्या चौकात, चार्ल्स स्टीव्हन्सने बांधलेलं, ज्याच्या वडिलांनी आपलं व्हीटी बांधलं. अजून एकच पडदा, अजून स्टॉल आणि बाल्कनी. आत एसी आणि खाली गाड्यांचं पार्किंग असलेलं थिएटर त्या काळात म्हणजे लोकांनी तोंडात बोटं घातली असतील. लिबर्टी आहे, मरीन लाइन्सला, २१ मार्च १९४९ ला मेहबूब खानच्या 'अंदाज' या पिक्चरने उघडलं. तोपर्यंत फोर्टातली ही पॉश थिएटरं इंग्रजी पिक्चरचीच होती, हबीब हुसेन यांनी ठरवून हिंदी सिनेमासाठी तेवढ्याच तोडीचं थिएटर काढलं, नावच लिबर्टी, स्वातंत्र्य मिळून दीड-पावणेदोन वर्षं झालेली. तिथे हम आपके हैं कौन शंभराहून जास्त आठवडे चालला.

आणि लिबर्टीच्या आतलं सगळं काम कोणाचं माहितीये? वामन नामजोशींचं. आपला मराठी माणूस! बर्मा टीकचं ते लाकूडकाम, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढत जाणाऱ्या त्या प्लास्टरच्या रेषा, ज्यांच्या मागे दिवे लपवलेत. शो सुरू व्हायच्या आधी ते दिवे हळूहळू मंद होत जातात तेव्हा हॉलमधली बडबड आपोआप खाली येते, कोणी शू म्हणायला लागत नाही. याच नामजोशींनी जयपूरचं राजमंदिर केलं. जयपूरला जाणारा प्रत्येक मराठी टूरिस्ट राजमंदिर बघायला जातो, समोर सेल्फी काढतो, आणि त्याला पत्ता नसतो की हे आपल्याच माणसाने केलंय आणि त्याचं काम मरीन लाइन्सलाच आहे, लोकलच्या तिकिटात. सांस्कृतिक कार्य विभागाने यावर निदान एक छोटं प्रदर्शन तरी करायला काय हरकत आहे? हे आपलं जाता जाता.

म्हणजे बघा ना, इथे तर हेरिटेज बाहेर कमी आणि आतच जास्त आहे. उद्या लिबर्टीची फाईल तुमच्यापुढे आली आणि ग्रेड दोनचाच नियम लावला तर? बाहेरची भिंत ठेवून नामजोशींचं सगळं काम भंगारात जाऊ शकतं आणि कागदोपत्री वारसा जपलेला असेल. ३० जून २०१८ ला युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेकोच्या ९४ इमारतींना जागतिक वारसा म्हटलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले होते, मी पण टाकलेलं, पण युनेस्कोची पाटी बाहेर लागते आणि हातोडा आत चालतो.

मालकांची बाजू मांडल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल, म्हणून तेही लिहितो. एक हॉल, हजार खुर्च्या, मंगळवारी दुपारच्या शोला चाळीस माणसं. एसी तेवढाच लागतो, चाळीस असोत की हजार. समुद्र जवळ, खारी हवा, तीसच्या दशकातल्या सिमेंटच्या आतली सळई गंजते, फुगते आणि प्लास्टर पाडते, मग ते नुसतं लिंपून चालत नाही, फोडून सळईपर्यंत जावं लागतं, आणि हेरिटेज म्हणून तिथे सामान्य कॉन्ट्रॅक्टर चालत नाही. परवाने पोलिसांकडून वेगळे, फायरचे वेगळे, तुमचे वेगळे. वर २००१ च्या मल्टिप्लेक्स पॉलिसीत सरकारने नव्या मल्टिप्लेक्सला सुरुवातीची वर्षं करमणूक कर माफ केला आणि जुना एक पडदावाला मात्र भरत राहिला, म्हणजे शर्यतीत एकाला सायकल आणि दुसरा अनवाणी. आता जीएसटीत २०२५ च्या सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झालंय, स्वस्त तिकिटाला जरा श्वास मिळालाय, उशिरा का होईना. त्यामुळे एखाद्या मालकाने कंटाळून कुलूप लावलं तर त्याला व्हिलन करून काही मिळणार नाही. नुसतं 'पाडायचं नाही' सांगितलं की तो पाडत नाही, पण पडू देतो.

याचंच उदाहरण बघायचं तर तुमच्या ऑफिसपासून लांब जायला नको. महापालिकेच्या मुख्यालयातून बाहेर या, व्हीटीसमोर या, कॅपिटॉल. १८७९ ला गेटी थिएटर म्हणून नाटकांसाठी बांधलेलं, म्हणजे समोरचं व्हीटी पूर्ण व्हायच्याही आधीचं, नंतर सिनेमाचं कॅपिटॉल झालं. कितीतरी वर्षं बंद. मी तिथून रोज जातो, डोंबिवली फास्ट पकडायला. रोज काही लाख माणसं त्याच्यासमोरून धावतात आणि एकही मान वर करत नाही, कारण करून काय बघणार. खाली दुकानं चालू, वर खिडक्यांना फळ्या, कोपऱ्यातून पिंपळ निघालाय, पावसाळ्यात तो जरा जास्तच जोरात असतो. त्या पिंपळाला कोणाची एनओसी लागत नाही.

ऑपेरा हाऊस तेवीस वर्षांनी उघडू शकतं तर कॅपिटॉल का नाही, आणि इथे तर जागा अशी आहे की जगात कुठल्याच थिएटरला मिळणार नाही, दारात मध्य रेल्वेचं टर्मिनस, पाच मिनिटांवर मेट्रो रेल्वेचं स्टेशन. संध्याकाळी साडेसहाला ऑफिस सुटलेल्या माणसाला ट्रेनमध्ये लोंबकळायच्या ऐवजी शंभर रुपयांत मराठी पिक्चर मिळाला तर? गर्दी ओसरल्यावर नऊची ट्रेन आरामात बसून. मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत म्हणून आपण दरवर्षी भांडतो, २०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्सला प्राइम टाइमचा नियम लावला तरी सकाळी साडेनऊचा शो मिळाला की निर्माता खूश होतो अशी गत. सरकारला मराठी सिनेमासाठी हक्काचा पडदा हवाच असेल तर तो व्हीटीसमोर धूळ खात पडलाय. मालकाशी बसून बोला, भाड्याने घ्या, भागीदारीत चालवा, काय ते करा.

पुण्याचं पण सांगतो, तिथेही सगळं आलबेल नाही, शहरातलं पहिलं थिएटर आर्यन ऐंशीच्या दशकात पाडलंच. पण प्रभात २०१४ च्या शेवटी बंद पडलं तेव्हा सगळं पुणं रडलं, शेवटच्या शोला लोक येऊन फोटो काढत होते, आणि वाटलं की आता इथे मॉल येणार. जागेचे मूळ मालक किबे, त्यांनी १९३४ च्या मूळ नावाने, किबे लक्ष्मी म्हणून, ते परत चालू केलं. सिनेमाच. म्हणजे मालकाच्या मनात असेल तर होतं, पण सगळं मालकाच्या मनावर सोडायचं तर मग समिती कशाला हवी?

आता तुमच्याकडून काय हवंय ते.

थिएटरच्या फाईलला ऑफिस बिल्डिंगचा चष्मा लावू नका. हेरिटेज यादीत जी सिनेमागृहं आहेत त्यांच्या नोंदीत हॉलचा आकार, बाल्कनी, पडद्याची जागा, छत, आतलं लाकूड-प्लास्टरचं काम हे सगळं वारशाचा भाग म्हणून लिहून घ्या, ग्रेड बदलायची लांबलचक प्रोसेस करायची नसेल तर निदान नोंद तरी दुरुस्त करा. खुर्च्या कमी करायला माझी अजिबात ना नाही, बाराशेच्या सहाशे करा, पाय पसरायला जागा द्या, आमच्या वयाला ती लागतेच, पण हॉल एकसंध राहू द्या. प्रोजेक्टर नवा आणा, साउंड नवा आणा, टॉयलेट तर कृपा करून नवीच आणा.

आणि बदल्यात मालकाला काहीतरी द्या. बांधता न आलेल्या जागेचा टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क, द्यायची सोय हेरिटेजच्या नियमांत आहेच, ती थिएटरवाल्यांना सुटसुटीत करून द्या, पण एक अट घाला, त्यातला ठरावीक हिस्सा त्याच थिएटरच्या देखभालीच्या खात्यात जाईल आणि वर्षातले अमुक दिवस तिथे तिकीट लावून सिनेमा दाखवला जाईल, नुसते फॅशन शो आणि गाड्यांचं लाँचिंग नाही. प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट पण अशीच, शो चालू तर सूट चालू. स्टॉलची काही तिकिटं शंभरच्या आत ठेवा म्हणावं, जीएसटी पण कमी लागेल आणि माझ्या वडिलांसारखे लोक परत येतील.

लोक येतील का, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. २०२२ ला अमिताभच्या जुन्या पिक्चरचा फेस्टिव्हल झाला होता, देशभर थिएटरांत लागलेला, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे सिनेमे, सगळे फुकटात मोबाइलवर मिळतात तसले, आणि लोक तिकीट काढून गेले, डायलॉग आधीच बोलत होते, नाचत होते. मराठा मंदिरला १९९५ पासून एकच पिक्चर, दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे, सकाळी लागतोय. मुंबईच्या माणसाला पडद्याचं वेड नाही असं कोणी म्हणू नये, त्याला परवडेल असा आणि जाता-येता लागेल असा पडदा उरलेला नाही एवढंच.

तुमच्या पुढच्या मीटिंगला कॅपिटॉलचा विषय घ्या. फोटो मागवू नका, स्वतः आत जाऊन बघा, मालकांची परवानगी घेऊन एक स्ट्रक्चरल ऑडिट करा, बाल्कनी किती शाबूत आहे, स्टेजचं काय उरलंय, छत किती वर्षं तगेल, आणि तो रिपोर्ट मराठीतून लोकांसमोर ठेवा. पिंपळ काढायला मात्र रिपोर्टची वाट बघू नका, तो या पावसाळ्याआधी मुळासकट काढावा लागेल, नुसता छाटला तर दिवाळीपर्यंत परत येतो.

कळावे,
स्टॉलमधला एक प्रेक्षक
डोंबिवली (पूर्वी गिरगाव)